आम्ही नाही का काढलं?

घरोघरी ऐकू येणारं वाक्य आहे हे. बाळंतीण म्हणते रात्रभर डोळ्याला डोळा नाही, बाळ तासा-दीड तासाने उठतंय, आणि सासूबाई किंवा खुद्द तिची आईच म्हणते, "अगं आम्ही नाही का काढलं?" मेडिकलचा रेसिडेंट ३६ तास ड्युटी करून रडवेला झाला तर सिनियर पण हेच ऐकवतात. आता आपली म्हण सांगते जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, मग हे लोक तर त्या वंशातून जाऊन आलेत, त्यांना सगळ्यात जास्त कळायला पाहिजे ना? पण बऱ्याचदा सगळ्यात कडक तेच असतात.

रेचल रटन, मेरी-हंटर मॅकडॉनेल आणि लोरन नॉर्डग्रेन या संशोधकांनी याच्यावरच काम केलंय, २०१५ साली ते छापून आलं. अमेरिकेत लेक मिशिगनच्या बर्फगार पाण्यात थंडीत उडी मारायचा एक इव्हेंट असतो, तिथे आलेल्या लोकांना त्यांनी एका माणसाची गोष्ट वाचायला दिली. तो उडी मारायला येतो, पण ऐनवेळी धीर होत नाही आणि माघार घेतो. काहींनी ही गोष्ट स्वतः उडी मारायच्या आधी वाचली, काहींनी मारून झाल्यावर. ज्यांची उडी मारून झाली होती त्यांना त्या माणसाची कीव कमी आली आणि त्याच्याबद्दल तुच्छता जास्त वाटली! बेरोजगारीचं पण तसंच. नोकरी न मिळाल्याने वाईट मार्गाला लागलेल्या एका माणसाबद्दल सगळ्यात कठोर मत कोणाचं, तर जे स्वतः बेकारीतून बाहेर पडले होते त्यांचं. जे सध्या बेकार होते किंवा कधीच बेकार नव्हते ते त्यापेक्षा मऊ होते.

असं का होतं? एक तर त्रास झाला होता हे आपल्या लक्षात राहतं पण तो किती झाला होता ते नीट आठवत नाही. नॉर्डग्रेन यांच्याच २०११ च्या एका प्रयोगात लोकांना थंडीत ठेवून केलेला छळ किती वाईट असतो ते ठरवायला सांगितलं होतं. ज्यांचा हात त्या क्षणी बर्फाच्या पाण्यात होता त्यांना तो भयंकर वाटला, पण ज्यांनी हात बाहेर काढून फक्त १० मिनिटं झाली होती त्यांचं मत ज्यांनी बर्फाचं पाणी अनुभवलंच नव्हतं त्यांच्यासारखंच निघालं. १० मिनिटांत ही गत, तर तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणातली जागरणं काय आठवणार! आणि दुसरं म्हणजे मी निभावलं ना, मग ते निभावण्यासारखंच असणार, असं मन धरून चालतं.

मग अनुभव नसेल तर तो तात्पुरता घेऊन बघायचा का? शाळा-कॉलेजात डोळ्याला पट्टी बांधून चालायला लावतात, हेतू चांगलाच असतो. पण एरियल सिल्वरमन, ज्या स्वतः अंध आहेत, त्यांनी सहकाऱ्यांसोबत हे तपासलं आणि पट्टी बांधून काम केलेल्या विद्यार्थ्यांना नंतर अंध माणसं नोकरी करायला, स्वतंत्र राहायला कमी सक्षम वाटायला लागली. साहजिक आहे हो, पट्टी बांधून मिळतो तो अंधत्वाच्या पहिल्या पाच मिनिटांचा अनुभव, पांढरी काठी घेऊन वर्षानुवर्षं गर्दीतून प्रवास करणाऱ्या माणसाचा नाही.

आणि नुसती कल्पना करून? ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये एकूण २५ प्रयोग मांडले. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार करा असं सांगितल्यावर लोकांचा अंदाज जास्त बरोबर येतो का, तर नाही, अगदी नवरा-बायकोला एकमेकांची आवडनिवड ओळखायला लावली तरी नाही. अंदाज सुधारला तो एकाच गोष्टीने, आधी थेट विचारून घेतलं तेव्हा. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण "मी समजू शकतो" म्हणणारे आपल्याकडे ढीगभर, पण "नेमकं काय होतंय, सांग ना" म्हणून गप्प बसणारे फार थोडे.

हे घराबाहेर, अगदी अनोळखी माणसांत पण चालतं. मायामीत डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी अभ्यासलेल्या मोहिमेत कार्यकर्ते ५०१ मतदारांच्या दारात गेले, निम्म्यांशी ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल आणि बाकीच्यांशी रिसायकलिंगबद्दल बोलले. पहिल्या गटात वाद घालायचा नाही, तुम्ही वेगळे आहात म्हणून लोकांनी कधी तुम्हाला नावं ठेवली होती का असं विचारायचं, ते सांगतील ते ऐकायचं. बोलणं साधारण १० मिनिटांचं, पण पूर्वग्रह कमी झाला तो तीन महिन्यांनी मोजला तरी टिकून होता (२०१६, 'सायन्स' नियतकालिक). चार वर्षांनी याच दोघांनी बघितलं की यातलं नेमकं काय काम करतं. नुसते मुद्दे पटवून दिले तर काही परिणाम दिसला नाही, आणि एकमेकांना नावं न ठेवता अनुभव सांगणं-ऐकणं त्यात असलं की परिणाम निदान चार महिने टिकला.