ड्रॅगनपटांची आर्टबुकं

अ‍ॅनिमेशन सिनेमा बनताना हजारो चित्रं काढली जातात, रंग करून बघितले जातात, मातीचे नमुने घडवले जातात. त्यातलं निवडक साहित्य कलाकारांच्या बोलण्यासकट एकत्र छापलेलं जाडजूड पुस्तक म्हणजे आर्टबुक. बहुतेकांचं नाव ‘द आर्ट ऑफ’ने सुरू होतं. ही नोंद फक्त ड्रॅगन असलेल्या सिनेमांपुरती आहे, आणि तसं वेगळं काढायला कारण आहे. घोडा काढायचा तर तबेल्यात जाऊन बसता येतं, ड्रॅगन कुठे जाऊन बघणार? तो कागदावरच शोधावा लागतो, आणि त्या शोधातली नापास झालेली चित्रं बघायला मिळण्याची जागा बहुतेक वेळा हे पुस्तकच असतं.

या प्रकाराची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. पुष्कळ जण १९७३ कडे बोट दाखवतात. त्या वर्षी क्रिस्टोफर फिंच यांचा ‘द आर्ट ऑफ वॉल्ट डिस्ने’ हा भलामोठा ग्रंथ आला आणि चित्रांना मुख्य जागा देणारी मांडणी लोकांच्या नजरेत बसली. दुसरा पक्ष म्हणतो की एका सिनेमाचं एक पुस्तक हीच खरी खूण, मग जपानकडे बघा, तिथे तोकुमा शोतेन या प्रकाशनाने १९८४ मध्ये ‘नौसिका’ या सिनेमाचं आर्टबुक काढलं होतं. दोन्ही मुद्दे चुकीचे नाहीत, पण फिंच यांच्याच पुस्तकाच्या नावाचं एक पुस्तक १९४२ मध्ये येऊन गेलं होतं, हार्वर्डमध्ये कला शिकवलेल्या रॉबर्ट फील्ड यांचं, आणि ते स्टुडिओत राहून, काम बघून लिहिलेलं आहे. त्याच्याही एक वर्ष आधी, जून १९४१ मध्ये, डिस्नेचाच ‘द रिलक्टंट ड्रॅगन’ आला. यात रॉबर्ट बेंचली हा विनोदी लेखक बर्बँकच्या स्टुडिओत गोष्ट विकायला म्हणून शिरतो आणि एकेका खात्यातून भटकत राहतो, स्टोरीबोर्ड (गोष्टीची क्रमाने मांडलेली चित्रं) बघतो, मातीचे छोटे पुतळे बघतो, रंग कसे बनतात ते बघतो (सुरुवातीला पडदा काळा-पांढरा असतो आणि मध्येच रंगीत होतो), आणि शेवटी केनेथ ग्रॅहम यांच्या १८९८ च्या गोष्टीतला कवितावेडा ड्रॅगन पडद्यावर येतो. हा सिनेमा आहे, पुस्तक नाही, आणि त्यातले स्टुडिओतले बरेचसे लोक नट आहेत हेही खरं. शिवाय तो लागला तेव्हा खऱ्या स्टुडिओत कलाकारांचा संप चालू होता. तरी ‘आत नेऊन दाखवणं’ आणि ड्रॅगन या दोन्ही गोष्टी इतक्या लवकर एकत्र आलेल्या असताना सुरुवात १९४१-४२ च्या आसपास धरणं जास्त पटतं.

नंतरच्या काळातली ठळक पुस्तकं म्हणजे ‘मुलान’चं (१९९८, जेफ कुर्टी), ज्यात मुशू हा चिमुकला लाल ड्रॅगन आहे, आणि ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ मालिकेची तीन: पहिलं २०१० मध्ये ट्रेसी मिलर-झार्नेक यांचं, पुढची दोन २०१४ आणि २०१९ मध्ये लिंडा सनशाइन यांची. ‘राया अँड द लास्ट ड्रॅगन’चं २०२१ मध्ये आलं, त्यातली सिसू आग्नेय आशियातल्या नागकल्पनेवरून घेतलेली, पाण्याशी जोडलेली, बिनपंखांची.

अभ्यासाला सगळ्यात चांगलं ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’चं पहिलं, २०१० चं. सिनेमा जिच्यावरून घेतला त्या क्रेसिडा कॉवेल यांच्या २००३ च्या कादंबरीतला टूथलेस हा ड्रॅगन पिटुकला, साधासुधा आहे, त्याच्यावर बसून उडता येणार नाही. सिनेमात तो काळाकुळकुळीत, माणसाला पाठीवर घेणारा झाला; आधीचं छोटं रूप टेरिबल टेरर या दुसऱ्या जातीकडे गेलं असं साधारणपणे मानलं जातं. ड्रॅगनांच्या रेखाटनांत निको मार्ले यांचा हात मोठा आहे आणि ती पानं सावकाश बघावीत. ग्रॉंकल या जातीचं थोराड बुलडॉगसारखं अंग आणि त्याला न शोभणारे इवलेसे पंख, किंवा नॅडर या जातीचा पक्ष्यासारखा तोल. अंगाचं वजन आधी ठरतं, खवले नंतर येतात, हे समजावून सांगावं लागत नाही, दिसतं. टूथलेसला मात्र मांजराची चाल, कुत्र्याची लाडीगोडी असं घरातलंच सगळं दिलंय, दात आत ओढून घेतले की तोंड एकदम तान्ह्या बाळासारखं बोळकं होतं.

हीच पद्धत जपानमध्येही दिसते. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (२००१) ड्रॅगनच्या रूपातल्या जखमी हाकूच्या जबड्यात औषध कोंबायचा प्रसंग आहे, तो कुत्र्याला औषध देताना बघून काढावा असं दिग्दर्शक मियाझाकींनी सांगितलं, मग टीम जनावरांच्या दवाखान्यात जाऊन कुत्र्याचं तोंड उघडून बघून आली. मात्र हे कळतं ते सिनेमा बनतानाच्या माहितीपटातून.

पुरावा म्हणून ही पुस्तकं वापरताना थोडं जपून. सिनेमा पडद्यावर येईपर्यंत पुस्तक दुकानात हवं असतं, त्यामुळे छपाईला ते आधीच जातं आणि शेवटच्या महिन्यांतले बदल त्यात येत नाहीत. चित्राखाली कलाकाराचं नाव सहसा असतं, तारीख क्वचितच, म्हणून कोणता टूथलेस आधीचा आणि कोणता नंतरचा हे नुसत्या पानांच्या क्रमावरून ठरवू नये.