केव्हीएम : लिनक्स सर्व्हरवरील व्हर्च्युअल मशीन

केव्हीएम ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, अंतर्भूत असलेली व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे. तिच्या जोरावर एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या 'व्हीएम', एकमेकींपासून अलग ठेवून चालवता येतात. प्रत्येक व्हीएममध्ये स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड हे सारे आपलेच आहे अशा समजुतीने ती चालते. खालच्या खऱ्या यंत्राला होस्ट आणि वर चालणाऱ्या व्हीएमला गेस्ट म्हणतात.

ही कल्पना मेनफ्रेमच्या, म्हणजे जुन्या अवाढव्य संगणकांच्या, काळातली आहे. आयबीएमने अमेरिकेतील केंब्रिजच्या केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० व सीपी-६७ या प्रणाली घडवल्या आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणली. एखाद्या प्रोसेसरवर व्हीएम सुखासुखी चालण्यासाठी काय लागते, हे पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये नेमके मांडले. यंत्राच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक सूचना गेस्टने दिली की नियंत्रण आपोआप हायपरव्हायजरकडे, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, गेले पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. घराघरांत पोचलेला एक्स८६ प्रोसेसर इथेच नापास होत होता. त्याची 'पॉपएफ' ही सूचना कमी अधिकाराच्या पातळीवर इंटरप्टचा फ्लॅग, म्हणजे उपकरणांची हाक ऐकायची की नाही हे ठरवणारी खूण, बदलू पाहते, ते जमत नाही, आणि त्याची वर्दी कोणालाच मिळत नाही. गेस्टला वाटते काम झाले. हायपरव्हायजरला पत्ताच नसतो.

यावर व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अशा सूचना चालता चालता बदलण्याची युक्ती काढली, तर २००३ मध्ये झेन या हायपरव्हायजरने गेस्टचे कर्नेलच बदलून घेतले. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच ही सोय दिली. मग क्युमरानेट कंपनीत अवि किविटी यांनी त्या सोयीवर बेतलेले केव्हीएम लिहिले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ते लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत दाखल झाले. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधील नायट्रो हायपरव्हायजरचा गाभाही केव्हीएमचाच आहे. मुंबई विभागातून भाड्याने घेतलेली आजची बहुतेक यंत्रे त्यावरच चालतात.

केव्हीएमची रचना समजली की निम्मे व्यवस्थापन समजते. इथे एक व्हीएम म्हणजे होस्टवरची एक साधी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, आणि तिचा प्रत्येक आभासी प्रोसेसर म्हणजे त्या प्रोसेसमधला एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक स्वतंत्र धागा. डिस्क, नेटवर्क कार्ड, स्क्रीन अशी उपकरणे उभी करण्याचे काम क्वेमू हा प्रोग्रॅम करतो आणि या सगळ्यावर देखरेख लिबव्हर्ट ठेवते. त्यामुळे होस्टवर चालत्या प्रोसेसची यादी दाखवणारी 'टॉप' ही आज्ञा चालवली की कोणती व्हीएम किती खाते ते इतर प्रोग्रॅमांच्या रांगेतच दिसते. उलट बाजूने, होस्टची मेमरी संपली तर कर्नेल जशी कोणतीही प्रोसेस मारते तशी व्हीएमही मारते, आणि जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस आधी जात असल्याने बळी बहुधा सर्वांत मोठ्या व्हीएमचा, म्हणजे पुष्कळदा डेटाबेसच्या व्हीएमचा, जातो.

म्हणून मांडणीची सुरुवात हिशेबाने करावी. बायोसमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, ते आधी बघून घ्यावे. नव्या सर्व्हरवर तेच बंद असल्याने अर्धा दिवस वाया गेल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. ६४ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर ८ जीबीच्या सहा व्हीएम निर्धास्त बसतात. आठ बसवल्या तर कागदावर बेरीज जुळते, पण होस्टला स्वतःला आणि प्रत्येक क्वेमूला वरखर्चासाठी काहीच उरत नाही. प्रोसेसरची गोष्ट वेगळी आहे. सगळ्या व्हीएम एकाच वेळी कामात नसतात, त्यामुळे असलेल्यापेक्षा जास्त आभासी प्रोसेसर वाटले तरी चालते. ताण वाढला की गेस्टमधल्या 'टॉप'मध्ये 'एसटी' हा आकडा चढू लागतो. गेस्टला काम करायचे होते पण होस्टने तो वेळ दुसऱ्याला दिला, असा त्याचा अर्थ. मेमरीत मात्र अशी उधारी करू नये. गेस्टच्या आत 'फुगा' फुगवून, म्हणजे मेमरी अडवून धरून, ती होस्टकडे परत घेण्याची किंवा मेमरीची सारखी पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, एकत्र करण्याची सोय केव्हीएमसोबत मिळते, पण ती अडीनडीला वापरायची. तिच्या भरवशावर वाटप करणे धोक्याचे आहे.

सर्वाधिक फसगत डिस्कमध्ये होते. व्हीएमची डिस्क होस्टवर ज्यात साठते ती क्वेमूची क्यूकाऊ२ ही फाइल जशी भरेल तशी वाढते. १०० जीबीच्या दहा डिस्क ५०० जीबीच्या जागेवर सहज तयार होतात, कोणी हटकत नाही. महिने जातात. गेस्टमध्ये जुन्या लॉग फाइली काढून टाकल्या, आत ६० जीबी मोकळे दिसते, म्हणून सांभाळणारा निश्चिंत असतो. पण मोकळ्या झालेल्या जागेची खबर होस्टपर्यंत गेलेली नसते आणि बाहेरची फाइल तेवढीच फुगलेली राहते. एके दिवशी होस्टची डिस्क भरते. पुढचे लिखाण फसले की क्वेमू ती व्हीएम जागच्या जागी थांबवून ठेवते आणि यादीत तिच्यापुढे 'पॉज्ड' दिसते. यात डेटा बिघडत नाही, जागा करून दिली की व्हीएम पुढे सुरू करता येते, ही त्यातली मोठी सोय. तरीही एकीपाठोपाठ एक व्हीएम थबकताना पाहणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. त्यासाठी डिस्क जोडतानाच मोकळ्या जागेची खबर होस्टपर्यंत जाऊ देणारी 'डिस्कार्ड'ची सोय चालू करावी, ती खबर देणारे 'ट्रिम' गेस्टमध्ये नेमाने चालवावे आणि मोकळ्या जागेचा इशारा होस्टवर लावावा.

नेटवर्कसाठी लिबव्हर्ट सुरुवातीला १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे एक खासगी जाळे देते. त्यातून व्हीएमला बाहेर जाता येते, पण बाहेरून आत येता येत नाही. लोकांना सेवा द्यायची असेल तर ब्रिज, म्हणजे व्हीएमला थेट बाहेरच्या जाळ्याशी जोडणारा आभासी पूल, बांधावा लागतो. होस्टचे नेटवर्क कार्ड ब्रिजखाली सरकवताना दूरून केलेले लॉगिन तुटू शकते, म्हणून हे काम सर्व्हरच्या समोर बसून किंवा त्याच्या वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवरूनच करावे.

रोजच्या कामाची आज्ञा म्हणजे 'विर्श'. तिच्यातल्या 'शटडाउन'ने गेस्टला बंद होण्याची विनंती जाते, जणू कोणी पॉवरचे बटण दाबले. 'डिस्ट्रॉय' म्हणजे थेट वायर उपसणे. नावाला घाबरून नवशिके तिला हात लावत नाहीत. पण तिने डिस्क पुसली जात नाही, फक्त चालती व्हीएम तत्क्षणी थांबते. व्हीएमची नोंद काढणारी आज्ञा 'अनडिफाइन' आहे, आणि तिला निराळा पर्याय दिल्याशिवाय तीही डिस्कची फाइल तशीच ठेवते. 'ऑटोस्टार्ट' लावायचे राहिले तर वीज जाऊन आल्यावर होस्ट उठतो आणि व्हीएम झोपलेल्या राहतात. तयार व्हीएमची प्रत काढून दुसरी करताना मूळ यंत्राची ओळख आणि दूरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या एसएसएचच्या किल्ल्या प्रतीतही जातात. ओळख सारखी राहिली तर दोन यंत्रे एकाच आयपी पत्त्यावर हक्क सांगू शकतात. 'व्हर्ट-सिसप्रेप' हे हत्यार प्रतीमधल्या अशा खुणा पुसून देते.

अपडेट करण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवणारी नोंद, घ्यावा आणि काम नीट झाले की काढून टाकावा. त्याला बॅकअप समजणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक आहे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर मूळ फाइलीच्या आधाराने उभा असतो. डिस्क गेली की दोन्ही जातात. खरा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर हवा, तो घेताना गेस्ट एजंटकडून, म्हणजे गेस्टच्या आत चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅमकडून, फाइल सिस्टिम क्षणभर गोठवून घ्यावी आणि अधूनमधून त्यातून एखादी व्हीएम उभी करून पाहावी.

होस्ट दुरुस्तीला काढायचा असेल तर चालती व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवता येते. तिची मेमरी आधी नेटवर्कवरून पाठवतात, तेवढ्यात बदललेली पाने पुन्हा पाठवतात, आणि उरलेली अगदी थोडी पाने व्हीएम निमिषभर थांबवून नेतात. मात्र पाने बदलण्याचा वेग नेटवर्कपेक्षा जास्त असला तर ही फेरी संपतच नाही. मग व्हीएमचा वेग मुद्दाम कमी करावा लागतो.

व्हीएममधली भिंत पक्की असली तरी अभेद्य नाही. २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाचा दोष उघड झाला तो क्वेमूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये, आणि फ्लॉपी बंद करून ठेवली तरी तो कोड आत जिवंत होता. गेस्टमधून होस्टवर पोचण्याची वाट त्याने मोकळी झाली होती. अशा वेळी एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मर या लिनक्सच्या सुरक्षा व्यवस्थांनी प्रत्येक व्हीएमला घातलेले स्वतंत्र कुंपण उपयोगी पडते, म्हणून ते बंद करू नये. २०१८ मध्ये प्रोसेसरमध्येच सापडलेल्या दोषांनंतर, परस्परांवर विश्वास नसलेल्या ग्राहकांच्या व्हीएम एकत्र ठेवणाऱ्या अनेकांनी इंटेलच्या प्रोसेसरवरील हायपरथ्रेडिंग, म्हणजे एकाच कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय, बंद केले. अशा होस्टवर वाटपाचा हिशेब थ्रेडच्या आकड्यावर न करता कोअरच्या आकड्यावर करावा लागतो.