एकाच घरातले मासे, तीन आडनावं

१८९५ साली गुड आणि बीन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी खोल समुद्रातल्या एका छोट्या माशाचं वर्णन केलं. अंगलट थेट देवमाशासारखी, म्हणून या कुळाला व्हेलफिश हे नाव पडलं. १००० मीटरच्या खाली, जिथे सूर्यप्रकाशाचा मागमूस नाही, तिथे हे मासे राहतात.

व्हेलफिश ओळखणं तसं अवघड नाही. नमुना दिव्याखाली धरला की आधी डोळ्यांत भरतो तो जबडा, पार डोळ्यांच्या मागपर्यंत फाटलेला. डोळे मात्र अगदीच बारीक. खवले नाहीत, कातडी सैल, रंग तांबूस-नारिंगी. लाल प्रकाश एवढ्या खोल पोचतच नाही, त्यामुळे तिथे हा रंग काळाच ठरतो. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर, दोन्ही मागे शेपटीजवळ सरकलेले. पण खरी खूण अंगाच्या दोन्ही बाजूंना आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत रुंद नळी जाते आणि तिच्यावर ओळीनं मोठी भोकं असतात. ही पार्श्वरेषा, म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणारं इंद्रिय. ते बहुतेक माशांना असतं, पण इतकं ठळक क्वचितच. डोळ्यांचं काम इथे कातडीनं उचललंय.

जगभरच्या संग्रहालयांत असे सहाशेहून अधिक नमुने जमले आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. सगळ्या माद्या! एकही नर नाही, एकही पिल्लू नाही.

दुसरीकडे टेपटेल नावाचं एक वेगळंच कूळ मानलं जात होतं. समुद्राच्या वरच्या २०० मीटरमध्ये सापडणारे हे चिमुकले मासे. तोंड वर वळलेलं, आणि काहींच्या शेपटीला फितीसारखा लांबलचक धागा, शरीराच्या कितीतरी पट. त्यांच्यातल्याच एकाच्या अंगभर केसांसारखी लव होती. १९११ मध्ये अझोर्स बेटांजवळ मिळालेल्या त्या माशाला १९५६ साली नाव देताना बायबलमधल्या केसाळ इसावची आठवण काढली गेली. या कुळाचे जे नमुने होते, त्यांतला एकही वयात आलेला नव्हता. तिसरं कूळ बिगनोज माशांचं. लांबट, खोलवर राहणारे, नाकाचं इंद्रिय प्रचंड वाढलेलं. हे सगळेच्या सगळे नर.

आज हे वाचताना कोडं सुटल्यासारखं वाटतं. पण नमुन्यांच्या बरण्या समोर ठेवून पाहिल्या असत्या तर हे तिन्ही एकच आहेत यावर कुणाचाही विश्वास बसला नसता. जबडे वेगळे, पर वेगळे, कवट्या वेगळ्या. शरीररचनेवरून माशांची वर्गवारी करणाऱ्यांनी त्यांना वेगळ्या कुळांत टाकलं, यात त्यांची चूक मला दिसत नाही. डोळ्यांसमोर होतं त्याच्याशी ते प्रामाणिक राहिले.

२००३ मध्ये जपानच्या मासाकी मिया यांच्या गटाला एका टेपटेलचा आणि एका व्हेलफिशचा मायटोकाँड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) डीएनए जवळपास सारखाच आढळला. अनेक जाणकारांना ते पटेना. जुन्या नमुन्यांवर पुन्हा तपासणी करायची तर अडचण होती, कारण फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या रसायनात, मुरलेल्या माशांतून धड डीएनए मिळत नाही. ताजे नमुने हवे होते. ते मिळाले, त्यात रूपांतराच्या मधल्या टप्प्यातले मासेही होते. २००९ साली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाचे डेव्हिड जॉन्सन, मिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांचा आणि डीएनएचा पुरावा एकत्र मांडला: टेपटेल ही पिल्लं, बिगनोज हे नर, व्हेलफिश या माद्या. तीन कुळं नव्हेच, एकच.

यातली नराची गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. पिल्लू असताना तो वरच्या पाण्यात कोपेपॉड नावाचे इवलेसे कवचधारी प्राणी पोट फुटेस्तोवर खातो. मग रूपांतर सुरू होतं. वरचा जबडा हलेनासा होतो, अन्ननलिका आणि जठर नाहीसे होतात, नाक वाढत जातं. उरतं ते भलंमोठं यकृत, पिल्लूपणी खाल्लेल्या अन्नाची शिदोरी. त्यानंतर घास नाही. त्या साठ्यावर जगायचं. मोठं झालेलं नाक मादीचा वास घेण्यासाठी असावं. मादीचं याच्या अगदी उलट: तिचा जबडा आणखी रुंदावतो, ती मोठमोठी भक्ष्यं गिळते आणि जवळजवळ ४० सेंटिमीटरपर्यंत वाढते. नर जेमतेम बोटभर.

जिवंत व्हेलफिश दिसणं आजही दुर्मीळ. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागराबाहेर, सुमारे २००० मीटरवर, दूरनियंत्रित यानाच्या उजेडात एक मादी संथपणे पोहत गेली. उजेडात तिचा नारिंगी रंग लखलखत होता.

कूळ एक झालं, तरी कुठल्या मादीचा नर कुठला आणि पिल्लू कुठलं, हे जातीजातीनं जुळवायचं काम बरंच बाकी आहे. जोडी जुळली की दोन नावांतलं आधी दिलेलं राहतं आणि नंतरचं पुसलं जातं. सेटोस्टोमा रेगानी या मादीचं नाव १९१४ चं, तिच्या पिल्लाला वेगळी जात समजून दिलेलं नाव १९५६ चं. राहिलं ते आईचं.