पाडण्याआधीची नोंद : मुंबईतले जुने भाडेकरू, दफनभूमी आणि पुनर्विकास

चाळ पाडायची ठरली की सगळी चर्चा नव्या घराच्या चौरस फुटांभोवती फिरू लागते. भाडेकरूचा हक्क टिकणार की नाही, हे मात्र पाडकामाआधी झालेल्या नोंदीवर ठरते. शेजारच्या कब्रस्तानाची किंवा ख्रिस्ती दफनभूमीची गतही वेगळी नाही. चाळीतल्या भाडेकरूच्या नावावर जमीन नसते आणि कबरीतल्या माणसाच्या नावावर तर नसतेच. दोघांचाही हक्क वहिवाटीतून आलेला असतो. ती वहिवाट कागदावर आलेली नसेल, तर बुलडोझर फिरल्यानंतर ती सिद्ध करणे फार अवघड जाते.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढताना ट्रस्टने जितकी घरे पाडली, तितकी सुरुवातीच्या वर्षांत बांधली नाहीत. उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत कोंबली गेली. पहिल्या महायुद्धात टंचाई आणखी वाढली आणि १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. खोलवर परिणाम केला तो १९४७ च्या कायद्याने. त्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले आणि ते अर्धशतक तसेच राहिले.

त्यातून दोन गोष्टी घडल्या. बाजारभाव आणि पावतीवरचे भाडे यांतली दरी वाढत गेली, तसतशी खुद्द भाडेकरारालाच किंमत आली. ती पागडी. खोली दुसऱ्याच्या नावावर होताना मालक आपला हिस्सा घेई, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास, आणि तोही रोखीत, कारण १९४७ च्या कायद्याखाली अशी रक्कम घेणे गुन्हा होता. दुसरी गोष्ट अधिक घातक ठरली. इतक्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. गोठवलेल्या भाड्याने भाडेकरूचे छप्पर राखले खरे, पण त्या छपराच्या तुळयाही त्यानेच कुजवल्या. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढीला मुभा दिली आणि कलम ५६ ने पागडीला कायदेशीर केले.

दरम्यान इमारती कोसळत होत्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि मालमत्ता कराबरोबर उपकर वसूल होऊ लागला. इथूनच ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द रुळला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ मध्ये आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ मध्ये गेल्या. पुढे हे सगळे १९७६ च्या म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यात आले. पैसा मात्र गरजेपेक्षा नेहमीच कमी पडला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडून ३३ जण गेले, आणि जुलै २०१९ मध्ये डोंगरीतली केसरबाई इमारत पडली.

दुरुस्तीऐवजी पुनर्बांधणी हा मार्ग विकास नियंत्रण नियम ३३(७) ने खुला केला. १९९९ मध्ये या नियमाखाली २.५ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकाम, मिळू लागले, तेव्हा बांधकाम व्यावसायिकांची पावले गिरगाव-दादरकडे वळली. त्या वेळी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागत असे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीने ती ५१ टक्क्यांवर आणली. ही संमती मागे घेता येत नाही. म्हणून कराराचा मसुदा हातात येण्याआधी संमतीपत्रावर सही करू नये. म्हाडाचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाले आणि पर्यायी जागा देऊ केली, की अडून बसलेल्या भाडेकरूला म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली झटपट प्रक्रियेने निष्कासित करता येते. तेव्हा ‘मी सही केली नाही’ एवढ्यावर घर राहत नाही.

पात्रता ठरते ती म्हाडाने प्रमाणित केलेल्या भाडेकरू यादीवरून. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेली भाडेकरू खोली तीत धरली जात नाही. एका खोलीच्या कागदोपत्री तीन खोल्या करून तीन घरे मागण्याचे प्रकार थांबवण्यासाठी ही तारीख आली. इथे भाडेपावती जवळून वाचायला हवी. पावतीवर आजोबांचे नाव असते, आजोबा वारून तीस वर्षे झालेली असतात आणि भाडे नातू भरत असतो. कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळतो. पण ‘सोबत राहत होतो’ हे दाखवायला त्या काळातली शिधापत्रिका, मतदार यादी, वीजबिल, शाळेचा दाखला लागतो. बहीण-भावांत वाद असेल तर यादीत नावापुढे ‘वादग्रस्त’ असा शेरा येतो आणि चावी अडकते. खोली क्रमांकही पाहावा. पावतीवर ‘१४’, वीजबिलावर ‘१४-अ’ आणि दारावर भलताच आकडा, असे सर्रास असते. मालकाने भाडे घ्यायचे थांबवले असेल तर ते मनीऑर्डरने पाठवून परत आलेली पोच जपावी. थकबाकीचा दावा त्यामुळे पुढे टिकत नाही.

मग माप. दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा, मोरी, बंदिस्त केलेला सज्जा किती धरायचा, यावर अर्धे वाद होतात. ३३(७) खाली किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली जागा) मिळते, त्यामुळे लहान खोलीवाल्याला मापाची फारशी झळ लागत नाही. मोठी खोली किंवा दुकान असणाऱ्याने मात्र प्रत्येक भिंतीचे माप, नकाशा आणि तारखेचे छायाचित्र ठेवावेच. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींबाबत हेच सांगितले : पालिकेने महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची नोटीस देऊन सी-१ (अतिधोकादायक) वर्गातली इमारत पाडण्यापूर्वी भाडेकरूंची यादी आणि त्यांच्या ताब्यातले क्षेत्र नोंदवावे. त्याच वर्षी शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो जमिनीवर राहतो. त्याआधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नेमका उलटा होता. पाडकामाची घाई मालकाला का होती, ते त्यातून कळते.

सगळ्यात जास्त माणसे अडकतात ती मधल्या काळात. विकासकाकडून मिळणारे पर्यायी जागेचे भाडे सुरू होते, दोन वर्षांनी थांबते, विकासक पैसे संपले म्हणतो, आणि संक्रमण शिबिरातली मुले तिथेच मोठी होतात. महारेराचे (गृहप्रकल्पांवरच्या नियामकाचे) संरक्षण प्रामुख्याने विक्रीची सदनिका घेणाऱ्यांना आहे. म्हणून पर्यायी कायम जागेचा करार नोंदणीकृत असावा आणि त्यात मजला, चटई क्षेत्र, भाड्याचे आगाऊ धनादेश, वार्षिक वाढ, बँक हमी आणि ताब्याची तारीख लिहिलेली असावी. अलीकडे म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आले. पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, त्याने काही केले नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि नंतर म्हाडा, असा त्याचा क्रम. रखडलेल्या प्रकल्पांसाठी ९१-अ आहे. त्याही आधी, म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आलेल्या प्रकरण आठ-अ ने मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत भाडेकरूंच्या संस्थेकडे देण्याची वाट काढली होती. मालक न्यायालयात गेले, आणि त्या वादातून उभा राहिलेला घटनात्मक प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाली काढला : प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही.

दफनभूमी हलवण्याचा इतिहास याहून जुना आहे. इंग्रजांची पहिली दफनभूमी दक्षिण मुंबईतल्या मेंढम्स पॉइंटला होती. ती अठराव्या शतकातच सपाट झाली. पुढे गावाबाहेर म्हणून निवडलेले सोनापूर (आजच्या मरीन लाइन्सजवळचे) शहर वाढल्यावर गावात आले. तिथली स्मशानभूमी शिवडीकडे नेण्याचा बेत सरकारने केला, तेव्हा नाना शंकरशेटांनी विरोध करून तो हाणून पाडला. ख्रिस्ती दफनभूमी मात्र महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६५ च्या सुमारास, शिवडीला गेली. मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान जागेवरच राहिले. शहरातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी काही आज दफनभूमी म्हणून टिकून आहेत, त्या अशा विरोधामुळे आणि नोंदींमुळे.

मुंबई महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ४३५ पासून पुढे या जागांची नोंदणी, नवी जागा उघडणे आणि जुनी बंद करणे याचे नियम आहेत. पुरलेला देह आयुक्तांच्या परवानगीशिवाय उकरता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली दफनस्थळी घुसून विटंबना करणे गुन्हा आहे. २०२० मध्ये वांद्र्याच्या कब्रस्तानांवरून मुंबई उच्च न्यायालयाने सन्मानाने दफन होण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला. जमीन सार्वजनिक न्यासाची असेल तर विक्रीला, आणि तीन वर्षांहून अधिक भाडेपट्ट्याला, धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. वक्फ मालमत्तेची विक्री २०१३ च्या दुरुस्तीने बंदच केली. २०२५ च्या दुरुस्तीने मात्र ‘वापरातून झालेला वक्फ’ (दस्तऐवज नसता दीर्घ धार्मिक वापरामुळे वक्फ मानलेली जमीन) पुढील काळासाठी काढून टाकला. आधी नोंदलेले टिकतात, वादातले किंवा सरकारी ठरणारे वगळून.

अडचण अशी की कबरीचा पुरावा जमिनीवर राहतोच असे नाही. कच्ची कबर काही वर्षांत सपाट होते आणि जागा पुन्हा वापरली जाते. लिंगायत आणि गोसावी समाजातल्या समाध्या पुष्कळदा खासगी शेतात असतात; सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्यांचा उल्लेख नसतो आणि शेत विकले की त्याही जातात. २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या सेलमच्या एका जुन्या दफनभूमीवरचा वक्फचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, कारण अधिसूचनेमागे रीतसर सर्वेक्षण नव्हते आणि दीर्घ वापराचा पुरावाही नव्हता.

म्हणून न्यासाने तीन कागद एकमेकांशी ताडून पाहावेत : मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड), विकास योजना अभिप्राय (जागेवर कोणते आरक्षण आहे ते सांगणारा दाखला) आणि दफनाची नोंदवही. पहिल्यातले क्षेत्र प्रत्यक्ष कुंपणाशी जुळत नसेल तर नगर भूमापन कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. दुसऱ्यात आरक्षण नसेल किंवा बदलण्याची सूचना निघाली असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालील हरकतीची मुदत सूचनेपासून मोजली जाते. ती हुकली की नंतरची लढाई न्यायालयातच. जुन्या नोंदवह्या बहुधा वाळवीने खाल्लेल्या असतात. त्यांची पानवार छायाचित्रे काढून एक प्रत न्यासाच्या कार्यालयाबाहेर ठेवावी. शेजारी पाया खोदला जाणार असेल तर खोदाईआधी सामाईक भिंतीची पाहणी लेखी करून घ्यावी. खड्डा पडल्यावर भिंतीलगतच्या कबरी सरकतात, आणि भिंत मुळात कुठे होती यावर मग दोन्ही बाजूंचे एकमत होत नाही.