दोन तज्ज्ञांचा वाद नेमका कशावर आहे?

तर्कक्षमता तपासणाऱ्या परीक्षांमध्ये दोन तज्ज्ञांची छोटी निवेदने देऊन त्यांचा मतभेद नेमका कोणत्या विधानावर आहे, असे विचारले जाते. अमेरिकेतील कायदा-शिक्षणाच्या ‘एलसॅट’ या प्रवेशपरीक्षेत तर हा प्रश्नप्रकार चांगलाच रुळलेला आहे. घाईने वाचणारा विद्यार्थी चर्चेचा विषय हाच वादाचा मुद्दा समजतो आणि तेथेच फसतो.

डायनोसॉरांच्या विनाशावरचा असा एक प्रश्न रचून पाहू. पहिला तज्ज्ञ म्हणतो, “सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोतील युकातान येथे लघुग्रह आदळला आणि त्या एकट्या आघाताने डायनोसॉर नष्ट झाले.” दुसरी तज्ज्ञ म्हणते, “आघात झाला हे खरे. परंतु दख्खनच्या ज्वालामुखींतून बाहेर पडलेल्या वायूंनी हवामान आधीच बिघडवले होते. एरवी केवळ आघाताने एवढा संहार झाला नसता.”

आता प्रत्येक पर्यायासाठी दोघांनाही विचारावे: हे तुम्हाला मान्य आहे का? एकाचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ आले, आणि ही दोन्ही उत्तरे त्यांच्या शब्दांतूनच निघाली, तरच तो वादाचा मुद्दा. ‘लघुग्रह आदळला’ हे दोघांनाही मान्य आहे. ‘दख्खनच्या ज्वालामुखींनी हवामान बिघडवले’ हा पर्याय अधिक फसवा आहे, कारण त्याविषयी पहिला तज्ज्ञ काहीच बोललेला नाही; त्याच्या मौनाचा अर्थ आपण परस्पर नकार असा लावतो. खरा मतभेद ‘आघात एकटा पुरेसा होता’ एवढ्याच विधानावर आहे.

प्रत्यक्ष विज्ञानातही हा वाद एकाच जागी थांबलेला नाही. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी दोन सहकाऱ्यांसह, इटलीतील गुब्बिओ येथील चिकणमातीच्या पातळ थरात सापडलेल्या जादा इरिडियमवरून (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण लघुग्रहांत तुलनेने जास्त असलेल्या धातूवरून) आघाताची कल्पना मांडली, तेव्हा असा आघात खरोखर झाला का, हाच प्रश्न होता. १९९१ मध्ये युकातानमधील चिक्शुलूब येथील विवराची ओळख पटल्यावर तो बव्हंशी मिटला. पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर यांनी आघात मान्य करूनही तो विनाशाच्या काही लाख वर्षे आधीचा असल्याचे सांगितले आणि विनाशाचे मुख्य कारण दख्खनचा ज्वालामुखी असल्याचा आग्रह धरला.

२०१९ मध्ये हा वाद सह्याद्रीच्या कातळापर्यंत आला. प्रिन्स्टनच्या गटाने दोन लाव्हाथरांमध्ये दबलेल्या विटकरी मातीतून झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक वेगळे काढून युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून वय ठरवले, तर कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठाच्या गटाने लाव्हाचेच वय आर्गॉनच्या समस्थानिकांवरून मोजले. दख्खनच्या लाव्हाचा बहुतांश भाग सुमारे दहा लाख वर्षांतच साचला, यावर त्यांचे साधारण एकमत आहे. मतभेद आहे तो भूशास्त्रज्ञ ज्याला ‘पोलादपूर’ म्हणतात त्या लाव्हासंचाच्या वेळेवर. प्रिन्स्टनच्या मते हा मोठा उद्रेक विनाशाच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला. बर्कलीच्या मते विनाशाची सीमारेषा या संचाच्या तळाजवळ येते आणि एकूण लाव्हापैकी सुमारे ७५ टक्के त्यानंतर वाहिला.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. बर्कलीचा निष्कर्ष वाचून ‘म्हणजे हा गट ज्वालामुखीला निर्दोष ठरवतो’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु हवामान बदलणारे वायू लाव्हाच्या मोठ्या लोंढ्याआधीही बाहेर पडले असू शकतात, ही शक्यता त्याच गटाने खुली ठेवली आहे. त्यामुळे ‘दख्खनच्या ज्वालामुखीचा विनाशात काहीच वाटा नव्हता’ हे विधान पर्यायांत आले, तर ते बर्कलीच्या नावावर मांडता येणार नाही.