बल्किंग: व्यायामासोबत वजन वाढवणं

शरीराला रोज जेवढी कॅलरी लागते त्यापेक्षा थोडी जास्त खायची, सोबत वजनं उचलायचा व्यायाम करायचा आणि जे वजन वाढेल त्यात चरबी कमी नि स्नायू जास्त येतील असं बघायचं, याला जिममध्ये बल्किंग म्हणतात. तालमीतली जुनी माणसं अंग भरणं म्हणतात आणि त्यासाठीच्या खाण्याला खुराक. मराठवाड्यात हा विषय तालमीत तर निघतोच पण भरतीच्या ग्राउंडवर जास्त निघतो. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंमी लागते आणि फुगवल्यावर किमान ५ सेंमी वाढावी लागते, त्यामुळं लातूर, परभणी, बीड, नांदेडकडं पहाटे पळायला जाणाऱ्या पोरांत १६०० मीटर मस्त मारणारे पण छातीला एका सेंटिमीटरवर अडकणारे असतातच. कुस्तीत तर वजनगटाशिवाय पानच हलत नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण घेतलं आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत ब्राँझ. दोन गटांत फरक चारच किलोचा, पण ते चार किलो ताकदीचे असले तरच वरच्या गटात टिकाव लागतो.

हडकुळ्या पोराची तक्रार ठरलेली असते की मी लई खातो पण अंगीच लागत नाही. अशा पोराला तीन-चार दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहायला लावली की बहुतेक वेळा कळतं की एक वेळ दाबून जेवलेलं असतं आणि बाकी दिवस चहा-बिस्किटावर गेलेला असतो. आपल्याकडच्या जेवणाचा यात एक वेगळाच पेच आहे. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिच्यात चोथा भरपूर, पोट लवकर गच्च होतं, भूक उशिरा लागते, आणि ज्याला वजन कमी करायचंय त्याच्यासाठी हे सोनं असलं तरी वाढवणाऱ्याची तिथंच अडचण होते. दोन भाकरी, पातळ वरण आणि मिरचीचा ठेचा एवढं खाल्लं तरी माणूस तृप्त होऊन उठतो आणि कॅलरीचा हिशोब मात्र अर्ध्यावरच राहतो. म्हणून भाकरी सोडायची अजिबात गरज नाही, तिच्या जोडीला काय घेतो ते बदलायचं.

हिशोब करायला मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० चं सूत्र सोपं पडतं. पुरुषासाठी वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंमीत गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. समजा पोरगा ५८ किलोचा, १७० सेंमी उंच, २२ वर्षांचा. त्याच्या येतात साधारण १५३८ कॅलरी. हे नुसतं पडून राहिलं तरी लागणारं, मग पळणं आणि जिम धरून त्याला १.५५ नं गुणलं की २३८० च्या आसपास, त्यावर ३०० ते ४०० जास्त टाकले की पावणेअठ्ठावीसशेपर्यंत जातं. रानात दिवसभर काम करणारा असेल तर हा गुणकच वाढवावा लागतो, सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर शहरातल्या कुणाचा डाएट चार्ट त्याला पुरणारच नाही.

आता हे २७५० ताटात कसे बसतात ते बघा. सकाळी तीन उकडलेली अंडी. दुपारी दोन मोठ्या भाकरी, साधारण ८० ग्रॅम पिठाची एक, साठेक ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, त्यावर आणि कालवणात मिळून चार चमचे तेल, वाटीभर दही. संध्याकाळी व्यायामाआधी ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा बारका खडा. रात्री परत दोन भाकरी, ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी आणि तीन चमचे तेल. झोपताना पाव लिटर म्हशीचं दूध. बेरीज जवळपास २७५० वर येते आणि प्रोटीन ११५ ग्रॅमच्या आसपास. यातलं काहीही परदेशी नाही, काहीही डब्यातलं नाही, गावच्या किराणा दुकानात सगळं मिळतं.

प्रोटीनचं प्रमाण स्नायू वाढवणाऱ्यासाठी दर किलो वजनामागं रोज १.६ ते २.२ ग्रॅम धरतात, म्हणजे ५८ किलोला ९३ ते १२८ ग्रॅम. साध्या निरोगी माणसासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शिफारस ०.८३ ग्रॅम प्रति किलो आहे, यावरून अंदाज यावा. किडनीचा त्रास असलेल्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढं जाऊ नये. भाकरीच्या प्रोटीनमध्ये लायसिन (प्रोटीनचाच एक घटक, जो खाण्यातूनच मिळवावा लागतो) कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं, आणि डाळीत जे कमी पडतं ते ज्वारीत मिळतं, त्यामुळं वरण-भाकरी एका ताटात आली की दोघींची उणीव भरून निघते.

आणि हे सगळं पिकतं कुठं तर इथंच. लातूरची तूर आणि सोयाबीनची बाजारपेठ राज्यात नावाजलेली, जालना जिल्ह्यातल्या बदनापूरला तुरीचं संशोधन केंद्र आहे, तिथली बीडीएन ७११ जात शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेसोबत २०१८ मध्ये परभणी शक्ती ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आणली. सोयाबीन तर शेतात दिसतं आणि पोत्यांनी मिलला जातं, तेल काढलं की उरलेल्या पेंडीच्या पिठातून सोयावड्या होतात, शंभर ग्रॅममागं ५० च्या वर प्रोटीन, आणि प्रति ग्रॅम प्रोटीनला इतकं स्वस्त दुसरं क्वचितच काही असेल. सोयाबीन पिकवणाऱ्या घरातलं पोरगं तालुक्याला जाऊन महागडा मास गेनर, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचा डबा, उधारीवर आणतं तेव्हा खरंच जीव तुटतो, कारण त्या डब्यात बऱ्याचदा निम्म्याहून जास्त माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे झटपट पचणारं पिष्ट. गूळ-भाकरीच्या पुढं त्यात फार काही नाही.

माळकरी घरात अंडी-मटण चालत नाही, श्रावणात तर बाकीच्यांचंही बंद होतं, तेव्हा दूध, दही, पनीर, भिजवलेले हरभरे, सोयावडी यांवर सगळा भार. जमतं, फक्त डाळीची वाटी दाट हवी. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळपास नुसतं पिष्ट, त्यात दाण्याचं कूट हात सैल सोडून घालावं. रमजानमध्ये व्यायाम इफ्तारनंतर थोड्या वेळानं ठेवला आणि सहेरीला दूध-अंडी-खजूर नीट खाल्ली तर महिन्याभरात कमावलेलं फारसं जात नाही. मेसवर राहणाऱ्यांचे हाल वेगळे, वरणात डाळ शोधावी लागते, तिथं खोलीवर शेंगदाणे, फुटाणे आणि दुधाची पिशवी ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

उन्हाळा हा मराठवाड्यात बल्किंगचा खरा शत्रू. पारा ४२-४३ ला गेला की जेवणच नको वाटतं आणि नुसत्या पाण्यावर दिवस जातो. अशा वेळी चावून खायचं कमी करून पिऊन घ्यायचं बरं पडतं, सातूचं पीठ दूध-गुळात कालवून, घट्ट लस्सी, केळं घालून दूध. ताक छान असतं पण त्यात कॅलरी अगदीच थोडी, त्याच्यावर पोट भरून घेऊ नये. जुन्या पैलवानांची बदाम-खसखस-बडीशेप वाटून केलेली थंडाई पण याच कामाची, प्यायला गार, वर कॅलरीही दणकट. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्या होतात त्या ऐन थंडीत, आणि थंडीतच भूक चांगली असते, हुरडा असतो, डिंकाचे लाडू असतात, त्यामुळं दिवाळी ते होळी हा काळ वजन वाढवायला सगळ्यात सोयीचा.

व्यायाम नसेल तर हे सगळं पोटावर जातं. आठवड्यातून प्रत्येक मोठ्या स्नायूला दोनदा ताण आणि दर थोड्या दिवसांनी वजन किंवा रेप्स (एका दमात किती वेळा उचललं तो आकडा) वाढवत नेणं हे पाहिजेच, जोर-बैठका करणाऱ्यांनीही नुसता आकडा न वाढवता अवघड प्रकाराकडं जावं, कारण शरीर सवयीच्या कामासाठी नवा स्नायू बांधत नाही. झोप सात-आठ तास. पहाटे ग्राउंड आणि रात्री बारापर्यंत मोबाईल असं चालू असेल तर खुराक निम्मा वाया जातो.

वजन सकाळी उठून, पोट साफ झाल्यावर, रोज करायचं आणि आठवड्याची सरासरी काढायची, एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवायचं नाही. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढ पुरे, म्हणजे ५८ किलोला दीडशे ते तीनशे ग्रॅम. पहिल्या आठवड्यात एकदम किलोभर चढलं तर त्यात मुख्यतः पाणी असतं, कारण स्नायूत साठणाऱ्या ग्लायकोजनच्या (साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी येतं. दोन-तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर रोजच्या खाण्यात दोनेकशे कॅलरी वाढवायच्या, मूठभर शेंगदाण्यात भागतं. सप्लिमेंटमध्ये पुरावा पक्का आहे तो क्रिएटिनचा, म्हणजे स्नायूला झटपट ताकद पुरवणाऱ्या घटकाचा, रोज ३ ते ५ ग्रॅम. व्हे पावडर म्हणजे दुधाचंच प्रोटीन, परवडत असेल आणि वेळ नसेल तर घ्यावी.

मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अंग भरायच्या गोळ्या मात्र हातात पण धरू नका. त्यात बऱ्याचदा सायप्रोहेप्टाडिन असतं, ते ॲलर्जीचं औषध आहे, त्यानं भूक लागते आणि झोप पण येते. त्याच्यासोबत डेक्सामेथासोन दिलं जातं ते स्टेरॉइड आहे, गाल फुगतात, अंगात पाणी धरतं, लोकांना वाटतं तब्येत झाली, आणि आतून साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, खूप दिवस घेऊन अचानक बंद केलं तर जीवावर बेतू शकतं. व्यवस्थित खाऊनही वजन वाढत नसेल किंवा उलट उतरत असेल, सोबत महिनाभराचा खोकला, संध्याकाळचा ताप, खूप तहान, छातीत धडधड असं काही असेल तर टीबी, शुगर, थायरॉइड तपासून घ्यायचं, खुराक त्यानंतर.

थांबायचं कधी तर कंबरेवर टेप लावायचा. वजनासोबत छाती, दंड, मांड्या वाढतायत आणि कंबर जवळपास तिथंच आहे तोवर चालू ठेवायचं. कंबर छातीपेक्षा जोरात वाढायला लागली की जास्तीच्या तीन-चारशे कॅलरी काढायच्या, काही आठवडे वजन आहे तिथं धरून ठेवायचं, व्यायाम तसाच चालू ठेवायचा आणि भरतीची तारीख जवळ असेल तर पळण्याचा टायमिंग परत लावून बघायचा.