१ जीबीपीएस घरात आलं, मग राउटर का बदलायचा? थोडी पार्श्वभूमी

ज्यांच्याकडे आधी १०० एमबीपीएसचा प्लॅन होता आणि मग थेट १ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएसचा घेतला, त्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्याच संध्याकाळी स्पीड टेस्ट लावून आकडा ९४ वर अडकलेला बघितलाय. कस्टमर केअरला फोन केला तर तिकडून सांगतात की आमच्या बाजूने लाईन ओके आहे, आणि बहुतेक वेळा ती खरंच ओके असते. हा ९४ कुठून येतो ते कळायला थोडं मागे जावं लागतं, पण डायलअपपर्यंत नको. १५ ऑगस्ट १९९५ ला नेट सगळ्यांसाठी खुलं झालं खरं, पण पुढची जवळपास दहा वर्षं घरात राउटर, म्हणजे एक लाईन अनेक उपकरणांना वाटून देणारा डबा, ही वस्तूच नव्हती. एक कॉम्प्युटर, एक मॉडेम, आणि नेट चालू असलं की घरचा फोन एंगेज.

२००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या झाली (ती २ एमबीपीएस व्हायला २०२३ उजाडलं!) आणि २००५ च्या सुरुवातीला सरकारी लँडलाईनच्या तांब्याच्या तारेवर एडीएसएल आलं, म्हणजे फोन चालू ठेवून त्याच तारेवर नेट. त्याच्यासोबत जो डबा आला त्यात मॉडेम आणि राउटर दोन्ही होते, पण लोक त्याला मॉडेमच म्हणत राहिले आणि आज फायबरच्या डब्यालाही मॉडेमच म्हणतात. रात्री २ ते ८ डाऊनलोड फुकट असायचं म्हणून अलार्म लावून उठणारी आमची पिढी. जानेवारी २००७ मधे स्पीड २ एमबीपीएसपर्यंत वाढला तेव्हा काय आनंद झाला होता. पण त्या काळात राउटरवर कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण लाईनच इतकी हळू होती की कसलाही डबा पुरायचा. ५४ एमबीपीएसचं वायफाय आणि मागे २ एमबीपीएसची लाईन, मग अडणार काय?

मग आले केबलवाले. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, सगळीकडे टीव्हीची केबल देणाराच नेट द्यायला लागला. गच्चीवरून गच्चीवर लॅनची वायर, जिन्यातल्या पत्र्याच्या पेटीत स्विच (एका वायरच्या अनेक वायरी करणारा डबा), तिथून खिडकीच्या फटीतून थेट हॉलमधे. तांब्याची ही वायर १०० मीटरच्या पुढे नेता येत नाही म्हणून मधे मधे स्विच, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी अख्ख्या सोसायटीतले पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, जळालेले. या माणसांनी रविवारी सुद्धा येऊन लाईन चालू करून दिलेली आहे, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण आजच्या ९४ चं मूळ बरंचसं याच काळात आहे. लॅनच्या वायरमधे आठ तारा असतात, १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, म्हणून काही ठिकाणी चारच जोडायचे आणि उरलेल्या चार शेजारच्या घराला द्यायचे. १ गिगला (म्हणजे १ जीबीपीएसला) मात्र आठच्या आठ लागतात, त्या उरलेल्या चारातली एक जरी तुटलेली किंवा टोकाच्या पिनेत नीट दाबून बसलेली (क्रिंप) नसेल तर दोन्हीकडचे पोर्ट बहुधा आपसात ठरवून गपचूप १०० वर येतात आणि कुठेही एरर दिसत नाही. आणि १०० च्या पोर्टमधून हेडरबिडर (डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरचा पत्ता वगैरे) वजा जाता हातात पडतात ते साधारण ९४.

दुसरं मूळ राउटरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यात. २०१५ नंतर आपल्याकडे एसी१२०० लिहिलेले राउटर भरपूर खपले. हा १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज, तीही वर ओढून. एक फोन एका वेळी यातल्या एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) असतो, म्हणजे बेरजेला तसा काही अर्थच नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे या स्वस्त मॉडेल्समधल्या कितीतरी डब्यांना मागचे पोर्ट १०० चेच होते. हवेत ८६७ बोलणार आणि वायरमधून १०० आणणार! दुकानात विचारलं तर ‘ड्युअल बँड आहे ना, मग झालं’ असं उत्तर मिळायचं. ४० एमबीपीएसच्या प्लॅनला ते चाललं, म्हणून कुणाला कळलं नाही.

२०१९ च्या सप्टेंबरमधे एका मोठ्या मोबाईल कंपनीने १०० एमबीपीएसपासून १ जीबीपीएसपर्यंत घरगुती फायबरचे प्लॅन काढले, बाकीच्यांना भाव खाली आणावे लागले, आणि सहा महिन्यांत लॉकडाऊन लागला. एका घरात दोन मीटिंगा आणि एक ऑनलाईन शाळा. फायबर कधी नव्हे इतक्या घाईने घरोघरी गेली, आणि त्या घाईत डबा जिथे वायर संपली तिथे लागला, म्हणजे दाराशी, चपलांच्या स्टँडवर किंवा माळ्यावर. आतल्या खोलीपर्यंत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. अजून निम्म्या तक्रारी त्या जागेमुळेच आहेत असं मला वाटतं.

आता ज्या निर्णयावर सगळ्यात जास्त वाद झाला त्याकडे येतो: वायफायसाठी ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा खुला करायचा की नाही. राउटर घेताना आज जो घोळ होतो तो बराचसा यामुळेच. वायफायला लागणारी हवेतली जागा सरकार विनापरवाना खुली करतं तेव्हाच ती कायदेशीर वापरता येते. २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ मधे खुला झाला, ५ गिगाहर्ट्झचा काही भाग घराच्या आत वापरायला तेव्हाच मिळाला आणि २०१८ मधे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. पण १ गिगच्या वर खरा स्पीड हवा असेल तर चॅनेल (पट्ट्यातला एका राउटरने वापरायचा तुकडा) रुंद लागतं, १६० मेगाहर्ट्झचं, आणि आपल्याकडच्या ५ गिगाहर्ट्झमधे तशी जेमतेम दोन बसतात, त्यातही रडारची जागा येते म्हणून राउटरला मधेच चॅनेल सोडावं लागतं. वायफायची नवी पिढी म्हणजे वायफाय ७, तिचं ३२० मेगाहर्ट्झचं चॅनेल तर ६ गिगाहर्ट्झशिवाय होतच नाही.

अमेरिकेने एप्रिल २०२० मधे ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ (म्हणजे साधारण ५.९ ते ७.१ गिगाहर्ट्झ) असा सगळा १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा वायफायला देऊन टाकला. युरोपने २०२१ मधे खालचे साधारण ५०० दिले. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं रस्सीखेच. मोबाईल कंपन्यांचं म्हणणं, ५जी आणि पुढच्या ६जीला मधल्या बँडची जागा कमी पडणार आहे, लिलावाने विकली जाणारी जागा फुकट का वाटता, अख्खा पट्टा आम्हाला द्या. उपकरणं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं म्हणणं, मोबाईलचाही बराच डेटा शेवटी घरातल्या वायफायवरूनच जातो, जगभर जी चिप बनते ती आपल्याकडे बंद करून विकायची म्हणजे ग्राहकाचं नुकसान. यात तिसरा पक्ष उपग्रहांचा, कारण जमिनीवरून उपग्रहाकडे जाणारं सी बँडचं (उपग्रहांच्या एका जुन्या पट्ट्याचं) सिग्नल नेमकं ५९२५ ते ६४२५ मधे असतं, तिथे धक्का लागता कामा नये. तिन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मान्य, पण घरातल्या माणसाची बाजू मांडायला त्या टेबलावर फारसं कुणी नव्हतं असंच मला वाटत आलंय. मधली चारपाच वर्षं इथे विकले गेलेले वायफाय ६ई चे (६ गिगाहर्ट्झ चालणाऱ्या पहिल्या पिढीचे) फोन आणि लॅपटॉप ६ गिगाहर्ट्झ बंद ठेवून वापरले गेले, म्हणजे पैसे दिले आणि ती सोय मिळालीच नाही.

शेवटी मे २०२५ मधे मसुदा नियम आले. त्यांत खालचा ५९२५ ते ६४२५ चा पट्टा विनापरवाना, पण घराच्या आत कमी पॉवरवर, बाहेर अगदीच कमी पॉवरवर, आणि गाड्या, बोटी, दहा हजार फुटांखालची विमानं, ड्रोन, तेलाचे प्लॅटफॉर्म इथे मनाई. वरचा पट्टा मोबाईलला द्यायचा कल. ५०० मेगाहर्ट्झमधे १६० ची तीन चॅनेल्स बसतात आणि ३२० चं फक्त एक. अमेरिकेत ३२० ची तीन बसतात. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत एकच चॅनेल सगळ्यांनी वाटून घ्यायचं म्हटल्यावर खोक्यावरच्या आकड्याचं काय होणार ते उघड आहे. १६० वर राहिलात तर बरं चालेल, आणि भिंतीमुळे शेजारच्याचं सिग्नल अडतं हा ६ गिगाहर्ट्झचा दोष इथे उलट उपयोगी पडतो.

याच उशिरामुळे बाजारात एक गंमतशीर, खरं तर त्रासदायक प्रकार झाला. वायफाय ७ लिहिलेले बरेच राउटर इथे ड्युअल बँड (फक्त २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे) म्हणून आले, त्यात ६ गिगाहर्ट्झचा रेडिओच नाही. नाव ७, पण ३२० चं चॅनेल त्यात येणारच नाही. आणि अमेरिकेतून येताना भाऊ किंवा आत्या जो राउटर घेऊन येते त्यात रेडिओ असतो पण सेटिंग तिकडच्या देशाची असते, वरच्या पट्ट्यासकट, जो आपल्याकडे घरच्या वायफायसाठी नाही. तो तसाच लावू नये.

वायरच्या बाजूला मात्र गोष्टी शांतपणे पुढे गेल्या. घरोघरी जी फायबर आहे ती बहुतेक जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत), २००३ चं मानक, डाऊनलोडला २.४८८ जीबीपीएस, आणि तेही स्प्लिटरवर, म्हणजे एका फायबरच्या अनेक फांद्या करणाऱ्या डबीवर, ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले. एकच घर सतत १ गिग ओढत नाही म्हणून ते निभतं. त्याच पद्धतीचं पुढचं, १० गिगचं एक्सजीएस-पॉन २०१६ मधे आलं आणि साध्या लॅनच्या वायरवरून २.५ गिग नेणारं मानकही त्याच वर्षी, त्यामुळे हल्लीच्या चांगल्या राउटरला एक तरी २.५ चा पोर्ट असतो. पण फायबर राउटरमधे थेट जात नाही, आधी ओएनटीमधे जाते, म्हणजे फायबरमधला प्रकाश लॅनच्या वायरवर आणणाऱ्या डब्यात, ज्यात बहुधा स्वतःचा राउटरही असतो. कंपनीने दिलेल्या ओएनटीचा लॅन पोर्ट १ गिगचा असेल तर पुढे कितीही महाग राउटर लावला तरी त्या वायरवर ९४० च्या आसपासच मिळणार. ओएनटी ब्रिज मोडवर (आतला राउटर बंद ठेवून) टाकून मिळाला तर नवीन राउटर स्वतः लॉगिन करतो, नाही मिळाला तर एकामागे एक दोन राउटर बसतात आणि बाहेरून घरचा कॅमेरा बघायला अडतं. ब्रिज मोड काही ठिकाणी एका फोनवर होतो, काही ठिकाणी तीनदा तक्रार टाकावी लागते, आणि डबा कंपनीचा असल्यामुळे त्यातली ती सेटिंग ग्राहकाच्या लॉगिनला बऱ्याचदा दिसतच नाही.